शनी चाळीस पावलं सरकला

बु २२

शाळेच्या फाटकापासून बावीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला, हा पहिला दगड. चुन्यानं पांढरा केलेला, वर लाल रंगात एक अक्षर आणि एक आकडा. दिवाळीच्या सुट्टीत गाव ताडकळसच्या बाजाराला गेलं होतं. परत आलं तर असे आठ दगड ओळीनं रोवलेले. शाळेला कुलूप. विचारायचं कुणाला?

भुजंग दोन वर्षं पूर्ण्याला तहसीलसमोर स्टॅम्पवाल्याच्या टेबलावर बसलेला माणूस. गावानं त्यालाच पुढं केलं.

"बु म्हंजे बुद्रुक," तो म्हणाला. "आपल्या गावाचं नाव घातलंय. सरकारी काम हाय, रस्ता रुंद करायलेत."

शु ४१

"शुल्क."

पृ ५७

"पृथक्करण. माती तपासणार आधी."

मं ८७

"मंजूर. झालं. वरून सही होऊनच आलंय."

गु २९८

इथं भुजंगची गरज पडली नाही. सगळेच म्हणाले, गुंठे. दोनशे अठ्ठ्याण्णव गुंठे म्हणजे जवळजवळ साडेसात एकर. कुणाकुणाचे, ते आता पुढचे दगड सांगणार.

श ५४९

हा बायनाबाईच्या बांधावर.

बायनाबाई भुजंगची भावजय. नवऱ्याच्या माघारी तिच्याकडं सव्वा एकर उरलेलं, तेही रस्त्याला लागून. खालचं वावर कॅनॉलात गेलं, तेव्हाही आधी दगडच आले होते. असेच पांढरे.

"श म्हंजे शासन, वैनी," भुजंग हळू आवाजात म्हणाला.

"अन् त्यो शेवटचा? ने?"

भुजंग डोकं खाजवू लागला.

"मी सांगते. ने म्हंजे नेणार."

ज्वारीचं बियाणं औषध चोळून ठेवलेलं होतं. रानात पेरायला हवा तसा वाफसा होता. तिनं पेरणी थांबवली. ज्या रानात उद्या रस्ता येणार, त्यात दाणा कशाला टाकायचा?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तिनं तो दगड हलवून हलवून उपटला. छातीशी धरला. चालू लागली. लांब न्यायचा होता, पण दगड जड होता आणि तिचा दम पुरेना. चाळीस पावलांवर तिनं तो टेकवला आणि तिथंच रोवला.

तो भुजंगचा बांध होता.

श ५८९

आकडा दगडावर ५४९ असाच होता. पण आता तो इथं होता, म्हणून हा मथळा.

संध्याकाळी भुजंग तिच्या दारात आला. तोंड उतरलेलं. "वैनी, तुमची सुटली. फेरमोजणी झाली बघा. दगड माझ्याकडं आला."

ती चुलीपुढून उठली नाही. "बसा, भाऊजी. चहा टाकते."

"नको. पोटात काई जाईना."

तिलाही त्या रात्री भाकर गिळवली नाही. जमीन वाचली होती आणि घास फिरत होता.

श, पुन्हा

चौथ्या दिवशी शाळा उघडली. धम्मशीला मॅडम परभणीहून आल्या आणि दुपारच्या सुट्टीनंतर वीस-बावीस पोरं घेऊन रस्त्यानं निघाल्या. मॅडम पावलं टाकत होत्या, पोरं मोठ्यानं मोजत होती. बायनाबाई बांधावर बसून ऐकत होती. जवळ बियाण्याची पिशवी. पलीकडं भुजंग उगीच बांधावरचं गवत उपटत होता.

"पाचशे सत्तेचाळीस, पाचशे अठ्ठेचाळीस, पाचशे एकोणपन्नास."

तिथं नुसता खड्डा होता.

"मॅडम, शनी न्हाई."

"असं कसं? मी आणि माझ्या भावानं इथंच रोवला होता."

"त्यो बघा तिकडं. मॅडम, शनी सरकला."

बायनाबाई उठली. "कोण सरकला म्हणता?"

"शनी, मावशी. ग्रह. शाळेच्या फाटकाला पिवळं घमेलं टांगलंय, तो सूर्य. तिथून कोण किती लांब, ते दगडांवर लिहिलंय. बु म्हणजे बुध, शु शुक्र. मग पृथ्वी, मंगळ, गुरू. आणि हा शनी."

"श म्हंजे शासन न्हाई?"

"नाही हो."

"अन् गु? गुंठे न्हाईत?"

"गुरू."

"रस्ता रुंद व्हायचा न्हाई?"

"माझ्या आठ दगडांनी कसा होईल, मावशी?"

बायनाबाई होती तिथंच खाली बसली. खाली धसकटं होती, तिला कळलंही नाही. "शनीच हाय व्हय," ती म्हणाली. "लय बरं झालं, बाई. मला वाटलं काय आलं बांधावर."

शनी आल्याचं ऐकून कुणाचा जीव असा भांड्यात पडलेला मॅडमनी पाहिला नव्हता.

भुजंग मात्र घाईनं आला. "म्हंजे शनी माझ्या बांधावर? मॅडम, उचला तेवढा. ह्याच्यापरीस रस्ता परवडला."

"तो तुमच्याकडं नव्हताच, भाऊ. कुणीतरी हलवलाय."

पोरं खड्ड्याकडं बघत होती. कुणीतरी गाय म्हणालं, कुणी ट्रॅक्टर. गायीवर ढकलून मोकळं होता आलं असतं.

"म्याच हलवला," बायनाबाई म्हणाली.

"वैनी?"

"तुमचं पाच एकर हाय, भाऊजी. थोडं गेलं तरी उरलं आसतं. माझं काय उरलं आसतं? त्या येळंला आसंच वाटलं. मागून न्हाई वाटलं."

भुजंग दगडाकडं बघत राहिला. मग खड्ड्याकडं. मधलं अंतर त्यानं नजरेनं मोजलं असावं.

"येवढा धोंडा," तो म्हणाला, "येकटीनं आणलाव?"

"येकटीनं."

"अन् मी गावभर सांगायलोय, फेरमोजणी झाली म्हणून." त्याला हसू आवरेना. "दोन दिस उपाशी हाय मी, वैनी."

"मग टेबलावर बसून शिकलाव काय? बु म्हंजे बुद्रुक म्हणं. चला, धरा एका अंगानं. माझा शनी मला द्या."

दोघांनी मिळून तो परत नेला. पोरांनी माती लोटली. भुजंगनं पायानं दाबली, आणि मग शनीला पाय लागला म्हणून हळूच हात जोडले.

यु ११००

युरेनसपर्यंत काही घडलं नाही. चालायला मात्र बराच वेळ लागला.

ने १७२२

बायनाबाई पिशवी काखेत मारून पोरांबरोबर शेवटच्या दगडापर्यंत गेली, मागून भुजंगही. "नेणार"चा नेपच्यून झाला होता, तो तिला जवळून बघायचा होता.

"हितं संपलं?"

"आपल्या सूर्याचे ग्रह संपले. पुढं दुसरे सूर्य. त्यांच्याभोवतीही ग्रह सापडलेत, हजारो."

"त्येंचे दगड कुठं रोवलेत?"

"सगळ्यात जवळचा याच मापानं साडेअकरा हजार किलोमीटरवर येतो, मावशी. नाही रोवला."

बायनाबाईनं थोडा विचार केला. "नका रोवू. तिथली माणसं भितील."

पृ ५७

परत येताना कळलं की पृथ्वी हरवली आहे. या मापात पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक दाणा. तो एका मुलीच्या मुठीत होता आणि कुठंतरी रस्त्यात पडला होता. मुलगी रडकुंडीला आली.

बायनाबाईनं पिशवीत हात घातला आणि ओंजळ तिच्यापुढं धरली. "घे तुला पायजे तेवढ्या. माझ्याकडं पायलीभर हाईत." मग वळून हाक मारली, "भाऊजी, तिफण मोकळी हाय का आज? पेरून घेते."

"हाय की."

मुलगी एक दाणा निवडून तोंडाजवळ नेत होती.

"खाऊ नको, बाळा. औषध चोळलंय त्येला."