पिवळी गाडी आणि आठवं शील

‘ब्रेकर आला का गाडी तिरपी घ्याची भाऊ. सरळ घेतली का पोट घासलंच समजा,’ असं खेमसिंग जाता जाता दोनदा बजावून गेला होता. राजूरच्या एका कोळसा-वाहतूकवाल्या मालकाकडे तो ड्रायव्हर. पिवळी गाडी आमच्या आवारात आणून लावली ती त्यानं. आमचे मिस्टर जीवन तेव्हा समजूतदारपणे मान डोलावत होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या भावाला दाखवायला म्हणून त्यांनी गाडी बाभुळगावला नेली आणि गावात शिरताना पहिलाच ब्रेकर सरळ घेतला. मी शेजारी बसले होते. पत्र्याच्या पेटीवरून कुणी वखर ओढावा तसा आवाज खालून आला.

इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फुटला होता. नवा परदेशातून मागवावा लागणार, त्याची किंमत आमच्या आवारातल्या एका अल्टोएवढी. मग अब्दुल गनी मिस्त्रींनी त्याला वेल्डिंग मारून दिलं. ‘हळू चालवाल तर कायी नाई, भाभी,’ ते म्हणाले. ‘हायवेवर भगावली का टाका सुटते. मंग इंजिनच बसलं समजा.’

यवतमाळात आर्णी रोडला आमचं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं आवार आहे. बोलेरो, अल्टो, एखादा ट्रॅक्टर, यावर घर चालायचं. ही दोन दारांची जर्मन गाडी नवी असताना ऐंशी लाखांची होती आणि राजूरचा मालक ती बावीसला देत होता. मिस्टरांना त्यात फक्त अठ्ठावन्न लाखांचा फायदा दिसला. लोहाऱ्याचा आमचा प्लॉट, जिथं मी मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा बसवली होती, तो विकून ती घेतली. प्लॉट घेणारे गृहस्थ भले. दिवाळीपर्यंत पैसे आणाल तर त्याच भावात परत देतो म्हणाले. तेवढ्या आशेवर आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत बसलो होतो.

या गाड्यांच्या भावाचं शास्त्र मला मिस्टरांनी समजावलं. चालवली की भाव उतरतो. उभी ठेवली तरी उतरतो, पण जरा हळू. मालकाचं नाव कागदावर बदललं की एकदम उतरतो. म्हणून राजूरच्या मालकाचंच नाव आरसी पुस्तकावर ठेवायचं आणि गाडी झाकून ठेवायची. सकाळी मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणते, त्याच वेळी मिस्टर मोबाईलवर पिवळ्या गाडीचा देशातला भाव बघायचे. मग ताडपत्री काढून मऊ फडक्यानं पुसायचे, चप्पल काढून आत बसायचे, दोन मिनिटं इंजिन चालू करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. माझ्या उपासनेला ते हसायचे, म्हणून त्यांच्या उपासनेला मी कधी हसले नाही.

गिऱ्हाईक आलं की मला आत बसायला सांगितलेलं असे. कारण एकदा एका माणसानं विचारलं, ‘ताई, या बोलेरोत कायी खोट तर नाई ना?’ आणि मी सांगितलं, तिसरा गिअर अडकतो. मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, असं रोज सकाळी म्हणायचं आणि दहा वाजता आवारात विसरायचं, हे मला जमत नाही. ही गोष्ट गावभर झाली. मिस्टरांच्या धंद्याला ती बाधली, पण माझं नाव मात्र झालं.

आठ महिन्यांनी कळंबचे किसनराव आले. कापसाची जिनिंग आहे त्यांची. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरातीत घोड्याऐवजी पिवळी गाडी हवी होती.

त्या दिवशी नेमकी पौर्णिमा. पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसते आणि अष्टशील पाळते. दुपारनंतर जेवण नाही, गाणंबजावणं नाही, आणि आठवं म्हणजे उंच किंवा ऐषआरामी आसनावर बसणं नाही. मी चहा घेऊन बाहेर आले आणि परत वळले, तेवढ्यात किसनराव म्हणाले, ‘ताई, तुमीच त्या खोटं न बोलणाऱ्या का? या, बसा बरं गाडीत. तुमी बसल्या का मले भरोसा येते.’

‘मला नाही बसता येणार,’ मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. ‘काहून? कायी गडबड हाय का गाडीत?’

मिस्टर घाईनं पुढे झाले. ‘तसं नाई जी. आज तिचं अष्टशील हाय. पौर्णिमेले थे उंच आसनावर बसत नाई.’

किसनरावांनी वाकून सीटकडे पाहिलं. जमिनीपासून वीतभर उंच. आमच्या घरातला चौरंगसुद्धा त्यापेक्षा उंच दिसला असता. ‘हे उंच हाय?’

‘उंच नाही, भाऊ,’ मी म्हणाले. ‘पण ऐषआरामी आहे. तेही चालत नाही.’

किसनराव सरळ उभे राहिले. मला वाटलं, निघाले. पण त्यांच्या मिशा हसत होत्या. ‘ऐकलं का जीवन? खोटं न बोलणारी बाई सांगून राह्यली का गाडी ऐषारामी हाय. मले अजून कोनाचं सर्टिफिकेट पाह्यजे?’

अठ्ठावीसला सौदा झाला. पाच लाख रोख दिले. बाकीचे लग्नानंतर, कारण किसनरावांना गाडी ठेवायचीच नव्हती. वरात झाली की विकायची, नाव मधे चढवायचं नाही, आणि नवं गिऱ्हाईक पैसे देईल त्यातून आमचे तेवीस. वर उरेल ते त्यांचं. मिस्टर लगेच कबूल झाले.

जाताना किसनराव माझ्याकडे वळले. ‘ताई, एक शब्द द्या. मी ही विकीन तवा तुमी कळंबले यायचं आन् गिऱ्हाइकाले सांगायचं का गाडी कशी हाय. तुमच्या तोंडून आलं का दोन लाख जास्तीचे येतात.’

‘जे असेल ते सांगू?’

‘जे असन ते.’

मिस्टर जोरात खोकले. मी म्हणाले, ‘मग आधी तुम्हीच ऐकून घ्या ना, भाऊ. गाडीचं एक...’

‘मले कायले?’ ते म्हणाले. ‘मले कुठं चालवाची हाय? ज्याले चालवाची हाय त्याले सांगा.’

‘सांगीन,’ मी म्हणाले.

लग्नाला मिस्टर एकटेच गेले. आल्यावर सांगत होते, नवरदेवाचा फेटा छताला लागत होता म्हणून पोरानं तो मांडीवर घेतला, आणि गाडी इतकी बुटकी की बँडवाल्यांच्या पायांमागं दिसेना. मागून बायका विचारत होत्या, ‘नवरदेव कुठं गेला वं?’ शेवटी त्याला बॉनेटवर बसवलं.

‘बॉनेट दबलं?’ मी विचारलं.

‘थोडंसं,’ मिस्टर म्हणाले. ‘पिवळ्यात दिसत नाई.’

पावसाळाभर गिऱ्हाईक मिळालं नाही. दसऱ्याला किसनरावांचा फोन आला. त्यांनी मिस्टरांना नाही, मलाच मागितलं. ‘ताई, उद्या या बरं. नागपूरचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. पोरगं हाय डॉक्टर, रोज हायवेनं चालवतो म्हणते. मी सांगतलं त्याले, आमच्याकडं एक ताई हाय, तिच्या शब्दावर डोळे मिटून घे.’

संध्याकाळी मिस्टर मोबाईलवर पिवळ्या गाडीचा भाव बघत बसले. मग म्हणाले, ‘तब्येत बरी नाई म्हन.’

‘बरी आहे की.’

‘मंग नुसती जाय, आन् गाडी चांगली हाय म्हन. चांगलीच हाय ना थे? दिसाले?’

‘दिसायला आहे. दिसायला चांगली आहे म्हणून सांगीन. चेंबरचंही सांगीन.’

‘तेवीस लाख हायेत, दीपा. लोहाऱ्याचा प्लॉट हाय. दिवाळी तीन आठवड्यांवर आली.’

‘माहीत आहे.’

‘किसनराव काय म्हनन? त्यानं तुले भाव वाढवाले बोलावलं.’

‘जे असेल ते सांगा, असं त्यांनीच म्हटलं. तुम्ही होता तिथं.’

मिस्टर हसले, पण हसू त्यांना पुरं जमलं नाही. ‘माणूस तसं म्हनत असते, पगली. कोनी खरं मानत नाई.’

खिडकी मलाही आठवली नाही असं नाही. प्लॉटच्या पूर्वेला ती यायची होती, सकाळचं ऊन ओट्यावर पडेल अशी. पण नागपूरच्या रस्त्यावर कुणाचं तरी पोर भरधाव जातंय आणि टाका सुटतोय, हे चित्र मला रात्रभर काही पुसता आलं नाही. पहिलं शील, जीवहिंसा न करण्याचं, तर खोटं न बोलण्याच्याही आधीचं आहे.

सकाळी पंचशील म्हणून झालं तेव्हा मिस्टर बाजेवर बसलेले. मोबाईल हातात होता, पण बंद. मी पिशवीत पाण्याची बाटली टाकली. त्यांनी खिसा चाचपला आणि काही न बघता नाणी पुढे केली.

‘अर्धं तिकीट लागते तुले. सुट्टे ठेव.’

मी ती पदराला बांधली, चपला घातल्या आणि कळंबची बस धरायला स्टँडच्या रस्त्याला लागले.