कामरगावचा चमू आणि गेरूचं घंगाळ

मी एक जुनं तांब्याचं घंगाळ आहे. किन्हीराजा गावच्या मारोतरावांची थोरली बहीण कस्तुराबाई लग्न होऊन सासरी गेली, ते साल एकोणीसशे नऊ. तिच्या आंदणासाठीच कारंज्याच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. चांगला रुंद तोंडाचा, दोन कड्यांचा मी मांडवात जाऊन बसलो. पण वराकडच्या एका म्हाताऱ्यानं मला टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली. "आवाज बद येते. तांब्यात भेसळ हाय," तो म्हणाला. भेसळ नव्हती. मित्रांनो, मला उजळायला माझ्यात तेव्हा चिंचेचं पाणी भरून ठेवलं होतं आणि भरलेलं भांडं बदच वाजतं. तरी मी सासरी गेलो नाही. संशयाशी माझी ओळख झाली ती अशी, पहिल्याच दिवशी.

मारोतरावांच्या वडिलांना मला घरात पाहवेना. त्यांनी मला आट्यापाट्यांच्या खेळासाठी गावाला देऊन टाकलं.

होळी झाली, ज्वारीची खळी मोकळी झाली, की त्या कडक जमिनीवर पाट्या आखत. प्रत्येक पाटीवर एक राखणदार उभा. समोरच्या चमूच्या गड्यांनी त्याला चुकवून साऱ्या पाट्या ओलांडायच्या आणि न शिवता परत यायचं. आला, की लोण झालं. आता हात लागला की नाही, यावरून भांडणं व्हायची. म्हणून आमच्या भागात एक रीत पडली. माझ्यात पाणी भरून गेरू कालवायचा आणि राखणदारांनी त्यात पंजे बुडवून पाटीवर जायचं. गड्याच्या अंगावर तांबडा पंजा उमटला तर तो बाद. अंग कोरं, तर गडी खरा. जिंकलेला चमू मला वर्षभर आपल्या गावी नेई आणि लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्याचा मी कायमचा, असं ठरलं होतं.

तीन वर्षं कोणालाच जमली नाहीत. पोहऱ्याच्या रतनसिंगाचा चमू आला तेव्हा वाटलं होतं, आता मी जातो. त्याचे गडी लांब टांगांचे, एका ढांगेत पाटी मागे टाकणारे. पण पाय घसरला की सावरत नसत. त्यांच्यानंतर मारोतरावांचा चमू झाला. त्यांच्याकडे उंची नव्हती, हुलकावणी होती. मारोतराव डोळ्यांनी डावीकडे बघायचे, खांदा उजवीकडे टाकायचे आणि निघून जायचे मधूनच. सलग दोन वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. तिसऱ्या वर्षी गावात पटकी आली आणि खेळच झाला नाही. तेव्हापासून वऱ्हाडात कोणी चांगला खेळला, की लोक म्हणत, "चांगला हाय, पन मारोतरावाच्या चमूसारखा नाई."

मग एकोणीसशे सदतीस साली कामरगावचा फय्याज आला. त्याच्या बापाचं तेलाचं दुकान. त्याचा चमू ना ओरडायचा, ना मांडी थोपटायचा. मुकाट्यानं उतरायचा आणि कोऱ्या पाठीनं परतायचा. त्या वर्षी त्यांनी मला नेलं. पुढल्या वर्षी मी होतो तिथंच राहिलो. आणि लोकांचं म्हणणं बदललं. किन्हीराजाच्या पारावरही कोणीतरी बोललं, "मारोतरावाचा चमू यायच्यापुढं फिका."

मारोतरावांच्या जिवाला हे फार लागलं. ते म्हणत, "कोरी पाठ! एवढे गडी, अन् एकाच्याही पाठीवर गेरू नाई? काईतरी हाय याच्यात."

खरं सांगतो मित्रांनो, शंका मलाही येई. कामरगावात मी दुकानाच्या मागच्या पडवीत पडलेला असे. पोरं आत जात, दार लोटून घेत आणि बाहेर येत तेव्हा त्यांना तेलाचा वास येई. पण तेलाच्या दुकानात कोणाला येत नाही? माझ्यातच ते सरकीची तेलकट ढेप ठेवत.

एकोणचाळीसचा सामना किन्हीराजाला होता. कामरगाव जिंकलं असतं, तर मी कायमचा गेलो असतो आणि थोर चमू कोणता हा वादही संपला असता. रेंग्यांचे बैल सोडून कामरगावकरांनी मला खाली उतरवलं. यंदा आणताना मला न घासता नुसतं फडक्यानं पुसलं होतं. गेरू कालवला, पहिला डाव झाला, कामरगावच्या राखणदारांनी पंजे बुडवले, गेले, परत आले. मारोतराव माझ्यावर वाकले.

पाण्यावर तेलाचा तवंग होता.

"हे पाहा!" ते ओरडले. "मी म्हनत नव्हतो? यायच्या हातालेच तेल हाय, मंग अंगाले किती असंन! गेरू बसन कसा?"

"काका, घंगाळ दुकानात व्हतं," फय्याज म्हणाला. "तेल त्याचंच असंन."

"अबे, वर्षभर दुकानात व्हतं अन् तवंग आजच आला?"

"त्याच्यात पानी आजच भरलं नं."

लोक हसले. मारोतराव हसले नाहीत. "राख लावा अंगाले," ते म्हणाले. "चुलीची राख. मंग खेळा."

तवंग माझाच होता. पण घंगाळाला कोण विचारतो?

सामन्याचे पंच होते पुंजाजी, मारोतरावांच्या जुन्या चमूतले गडी. त्यांनी थोडा विचार केला. "लावतीन. पन मंग आपलेही पोट्टे लावतीन."

"आमचं काय तेलाचं दुकान हाय?"

"मारोत्या, न्याव दोघायले एकच रायते. नाईतं दुसरा पंच पाह्य."

घरोघरच्या चुलींतून राख आली. कामरगावची पोरं खाली मान घालून ती अंगाला चोळत होती. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. "काय बे, गोसाव्याचा मेळा आला का गावात?" कोणीतरी टोमणा मारला. "भीक वाढा रे यायले!" फय्याज राख चोळतच राहिला. कान मात्र लाल झाले होते, राखेतूनही दिसत होते.

खेळ बरोबरीत चालला. शेवटच्या डावात कामरगावचे सगळे बाद झाले आणि एकटा फय्याज उरला. त्याचं लोण झालं तर सामना कामरगावचा, तो बाद झाला तर किन्हीराजाचा. तो जाऊन परतत होता. शेवटच्या पाटीवर मारोतरावांचा मुलगा इंद्रभान होता. फय्याजनं डावीकडे पाहिलं, खांदा उजवीकडे टाकला आणि मधून निसटला. इंद्रभाननं मागून झेप घेतली.

"शिवला! शिवला मी त्याले!"

"कोठी शिवला? पंजा दाखव!"

पुंजाजींनी फय्याजला उभं केलं, भोवती फिरून पाहिलं. पाठीवर करडी राख होती. तांबडं काही नव्हतं. "अंग कोरं हाय," ते म्हणाले. "लोण."

कामरगावच्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा आरोळी ठोकली. इंद्रभान शपथा घेत होता. मारोतरावांनी त्याचं मनगट धरलं. "खरं बोलून राह्यला का तू? का माह्यासाठी बोलून राह्यला?"

"बाबा, तुमचाही माह्यावर भरोसा नाई?"

मारोतरावांनी मनगट सोडलं आणि फय्याजसमोर जाऊन उभे राहिले. कोणी कधी असं केलं नव्हतं. पंजाच साक्षीला असताना गड्याला कोण विचारणार? पण त्यांनी विचारलं.

"फय्याज, त्याचा हात लागला का तुले?"

फय्याजनं आपल्या चमूकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"लागला, काका. डाव्या खांद्यावर. राख झडली, तिच्यासंगं गेरूही झडला."

आणि तो पाट्यांच्या बाहेर गेला.

कामरगावची पोरं जेवायला थांबली नाहीत. "येडा हायेस का बे तू?" असं त्याला बोलत बोलतच त्यांनी बैल जुंपले. किन्हीराजा जिंकलं होतं. मला वाजतगाजत मारोतरावांच्या ओसरीवर आणलं. तिथं पुंजाजी पानाला चुना लावता लावता म्हणाले, "आपल्या वक्ताले कोनं इचारलं नाई रे. मारोत्या, तुले कोनं इचारलं असतं, तं तू काय म्हनला असता?"

मारोतराव उठून आत गेले.

कामरगावचा चमू पुन्हा आला नाही. राख लावून घ्यायला कोण येईल? पोहऱ्याचेही यायचे थांबले. पाट्या आखायच्या राहिल्या आणि मी न्हाणीत अंघोळीच्या पाण्याचा धनी झालो. वर्षानुवर्षं मला कल्हई झाली नाही, आतून हिरवा कळंक चढला. मारोतराव रोज माझ्यातलं पाणी अंगावर घेत आणि पुटपुटत. आधी म्हणत, फय्याजनं आपल्याला कमी दाखवायलाच हात लागल्याचं सांगितलं. नंतर त्याहून वाईट शंका आली. हात लागलाच नसेल. राखेच्या बदल्यात त्यानं घंगाळ भीक म्हणून टाकलं असेल. इंद्रभाननं किती शपथा घेतल्या, पण त्या शंकेपुढे चालल्या नाहीत. बापलेकांचं बोलणं तुटलं ते तिथंच.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मारोतरावांनी अंथरूण धरलं. इंद्रभान कोणाला न सांगता कामरगावला गेला आणि फय्याजला घेऊन आला. फय्याजच्या दाढीत पांढरे केस आले होते. न्हाणीला लागूनच मारोतरावांची खोली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"खरंच लागला व्हता?" मारोतरावांनी विचारलं.

"लागला व्हता, काका."

"मंग कोरं अंग असून सांगितलं काहून?"

"तुमी इचारलं म्हनून."

"एवढंच?"

"एवढंच."

मग मारोतरावांनी इंद्रभानला हाक मारली. "पानी तापव रे," ते म्हणाले. "आंग धुतो. तूच घाल." त्या दिवशी इंद्रभाननं मला आधी राखेनं आणि चिंचेनं घासलं, आतला कळंक काढला, मग पाणी भरलं.

तर मित्रांनो, आता मला कोणी विचारतं, सरस चमू कोणाचा? रतनसिंगाचे गडी जोरकस होते. मारोतरावांचे हुशार होते. फय्याजचा चमू त्यांच्यापेक्षा चपळ होता का, हे मला सांगता येत नाही. एक मात्र मी सांगतो. तांब्याच्या भांड्याला वेळच्या वेळी घासा, कल्हई करा, नाहीतर त्यातलं पाणी पोटाला बाधतं. आणि माणसाबद्दल मनात काही आलं, तर आधी त्यालाच विचारा. त्याच्या अंगाला राख नंतर लावा.

मारोतराव एकोणीसशे सेहेचाळीस साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वारले.