भुईखालचं पाणी

"सकाळी गळ्यालोक भरलेली टाकी बारा वाजता खडखडीत! पानी पेते का वं तू, का नालीत सोडते?"

पार्वताबाईचा आवाज चार घरं ओलांडून गेला. सून रत्नमाला अंगणात भांडी घासत होती. तिचा राखेचा हात तसाच थांबला.

"मी कायले सोडू, आत्या? दोन बादल्यात कपडे धुतले, बाबाचं आंग पुसलं. बस."

"मंग पानी का उडून गेलं?"

मोहाडीहून कोसभर आत असलेलं हे गाव वैशाखात नुसतं भाजून निघालं होतं. गावाचं तळं, बोडी, आटली होती, तिच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पार्वताबाईच्या अंगणातली बोरवेल तेवढी जीव धरून होती, पण तीही आता पाण्यासोबत हवा ओकायची. भिंतीला भिंत लागून असलेल्या निर्मलाबाईचं घरही याच बोरीवर जगत होतं. बोर बसली तर दोन्ही घरांचे घसे कोरडे. पार्वताबाईचा लेक धम्मदीप तुमसरला राईस मिलात होता, पंधरवड्यातून एकदा यायचा. घरात या दोघी सासू-सुना आणि लकव्यानं खाटेला खिळलेले यादोराव.

यादोराव मधल्या मातीच्या खोलीत पडून असत. जीभ जड झालेली, शब्द निम्मे तोंडातच राहात. आठ दिवसांपासून त्यांचा एकच धोशा होता, "पानी... खाली... पानी."

रत्नमाला पेला भरून ओठाला लावी. ते मान फिरवत. पुन्हा तेच, "पानी."

"तहान लागली का नाई, हे बी कळत नाई आता यायले," पार्वताबाई म्हणे.

त्या खोलीचं सारवण वाळत नव्हतं. बाहेर झळांनी पानं करपत होती, अन् आत कालची सारवलेली भुई आजही पायाला चिकटत होती. भिंतीच्या बुडातून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून रांगेनं बाहेर पडत होत्या. पार्वताबाईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "औंदा पाऊस लवकर हाये वाटते."

संध्याकाळी रत्नमाला समोर येऊन उभी राहिली. "आत्या, उद्या टाकी भरू आनं दोघी बी तिच्यासमोर बसू. एक थेंब काढाचा नाई. मंग सांगा, मी चोर का नाई ते."

सासूपुढं कधी तोंड न उघडणारी पोर. पार्वताबाईला राग आला, पण 'नको' म्हणवेना.

सकाळी टाकी भरली. रत्नमालानं आतून पाण्याच्या काठाला कोळशाची रेघ ओढली, सगळे नळ आवळले. दोघी मांडवाखाली बसल्या. निर्मलाबाई हंडा घेऊन आली, तिला परत पाठवलं. टाकीकडे पाहायचं, एकमेकींकडे पाहायचं नाही. खोलीतून यादोरावांचं चालूच होतं, "खाली... पानी."

उन्हं डोक्यावर आली तशी पार्वताबाई उठली, टाकीत हात घातला. पाणी रेघेच्या हातभर खाली गेलं होतं. तिनं पुन्हा हात लावून पाहिला. हातभरच.

रत्नमाला उठून घासायची भांडी घेऊन बसली.

पाणी कुठं मुरतं ते पाहायला गावात नळजोडणी करणारे मधुकरराव सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. मागच्या वर्षी दुसऱ्याच कोणीतरी टाकीपासून परसातल्या न्हाणीपर्यंत पाइप टाकला होता, तो मधल्या खोलीच्या भुईखालून. मधुकररावांनी खाटेच्या पायथ्याशी सब्बल टेकवली, जराशी दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी.

त्यांनी ती उपसली नाही. वाकून कान दिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, बुढ्याले पहिले बाहेर काढा. आता. बोलत बसू नका."

"काहून? का झालं?"

"सारी भुई पोकळ हाये."

खाट उचलली, पण दाराशी अडकली. चौकट तिरपी होऊन खाली बसली होती. रत्नमालानं पदर कमरेला खोचला, सासऱ्याला पाठीवर घेतलं आणि वाकून बाहेर पडली. मागून पार्वताबाईनं त्यांचे लोंबणारे पाय धरले होते. उंबरा ओलांडून दहा पावलं गेली नसतील, तोच मागे भिंत बसली. मोठा आवाजही झाला नाही. थकलेला बैल गुडघे टेकतो तशी ती आपल्या जागीच बसली, अन् मग छपराचे कवेलू खाटेवर कोसळले.

मधुकरराव मागच्या दारानं निसटले होते. त्यांनी धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला.

पार्वताबाईनं सुनेच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. "लागलं का वं कोठी?"

"नाई."

"मी तुले..." ती पुसतच राहिली, धूळ निघून गेली तरी.

यादोराव मांडवाखाली सतरंजीवर पडून पडलेल्या घराकडे पाहात होते. डोळ्यातून पाणी वाहात होतं.

तेवढ्यात आवाज ऐकून निर्मलाबाई धावत आली. ढिगाऱ्याकडे पाहून तिचा हात तोंडावर गेला. "व माय! आमच्या चुलीपाशी बी चार दिवसापासून थंडी ओल हाये. मले वाटलं, माठ पाझरते."

पडलेल्या भिंतीची जोडभिंत म्हणजे निर्मलाबाईची चुलीकडची भिंत.

पार्वताबाई ताठ झाली. "घरात कोन हाये?"

"रुपा निजली हाये ना..."

तिघी धावल्या. निर्मलाबाईच्या लेकीला झोपेतच ओढून बाहेर आणलं. दोन्ही घरची माणसं अंगणात उभी राहिली आणि त्या भिंतीकडे पाहात राहिली.

ती भिंत पडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. धम्मदीप आला, भिंतीला लाकडी बल्ल्यांचा टेका दिला. दोन्ही घरांच्या चुली एकाच मांडवाखाली पेटल्या, टाकीचं पाणी दिवसभर पुरून उरू लागलं. रत्नमालाच्या हातचा पहिला तांब्या आता पार्वताबाई मागून घेई. पण दुपारी त्या भिंतीची गार सावली अर्ध्या अंगणावर यायची, आणि एवढ्या वैशाखातही दोन्ही घरचं एकही माणूस तिच्यात बसायला गेलं नाही.