डॉक्टरांचं पत्र आणि मी

ओळखलंत का मला, मित्रांनो? नाहीच ओळखणार. मी एक जुनं फॅक्स मशीन आहे. लंडनमधल्या वेम्बलीला अनुराधाताईंच्या वकिली ऑफिसात, फायलींच्या कपाटावर धूळ खात बसलंय. मला शाई लागत नाही. माझ्या गुळगुळीत कागदाला उष्णता लागली की तो तेवढ्या जागी काळा होतो आणि अक्षर उमटतं. हेच माझं कसब आणि हीच माझी खोड.

चांगले दिवस मीही पाहिलेत. ज्यांना हा देश हाकलून द्यायला निघाला, त्यांच्यासाठी शेवटच्या घडीची धावपळ माझ्यावरूनच व्हायची. एकदा विमानात बसवलेलं कुटुंब माझ्यावर आलेल्या कोर्टाच्या एका कागदानं खाली उतरवलं. त्या दसऱ्याला ताईंनी मला झेंडूचा हार घातला. पुढे ईमेल आलं आणि कोणी ढुंकून पाहीना.

दोन हजार सातचा ऑक्टोबर होता. टपालाचा संप चालू होता. मीनाक्षी बार्शीहून लग्न करून इथे आलेली. नवरा मारायचा, म्हणून तिनं घर सोडलं. अशा बाईला इथे राहू देणारा कायदा आहे. फक्त मार सिद्ध करावा लागतो. मार खायचा तिनं आणि पुरावाही आणायचा तिनंच! तिचा अर्ज फेटाळला गेला होता. गुरुवारी अपिलाची सुनावणी होती. ती हरली, तर परत पाठवणी.

मंगळवारी तिच्या डॉक्टरांनी माझ्यावर पत्र पाठवलं आणि ते रजेवर गेले. मोडलेलं मनगट, पाठीवरचे वळ, सगळं तारखांसकट मी छापलं. माझ्या कागदाची आधी फोटोकॉपी काढायची, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. पण कॉपियर बंद होता आणि ताई घाईत होत्या.

"मीनाक्षी, ओरिजिनल तुझ्याकडेच राहू दे. मी दुसऱ्या केसवरून डायरेक्ट कोर्टात येते. नीट जपून ठेव हं!"

तिनं जपलं. वडिलांनी तिची डिग्री जशी जपली होती, अगदी तसंच. ईलिंग रोडवरच्या दुकानात जाऊन तिनं पत्र लॅमिनेट करून घेतलं. तापलेल्या रोलरमधून ते काळंकुट्ट होऊन बाहेर आलं.

"ताई, खराब होऊ नये म्हणून..." ती रडत ऑफिसात आली. ताईंनी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर आल्याशिवाय काही मिळणार नाही, असं उत्तर आलं.

न्यायाधीशांनी तारीख वाढवून दिली नाही. पुरावा नाही, म्हणाले. वाकडं जुळलेलं मनगट मांडीवर घेऊन ती त्यांच्यासमोर बसली होती, पण त्यांना कागद हवा होता! डॉक्टरांनी परतल्यावर पुन्हा पत्र दिलं, तर सरकारनं उशीर झाला म्हणून तेही नाकारलं. मला अजून संताप येतो.

डिसेंबरात सरकारचा हुकूम माझ्यावरच आला. विमान, वार, वेळ. मी तो स्वच्छ छापला. दुसरं काय करणार?

"चूक माझीच, ताई," मीनाक्षी म्हणाली. "मला साधा कागद सांभाळता आला नाही."

"असू दे गं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल बंद केली. मला बोलता येत असतं, तर मी ओरडलं असतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण चूक तुमची असेल, तर ती दुसऱ्याला घेऊन जाऊ देऊ नका. मीनाक्षी ती बार्शीला घेऊन गेली.