आत्याची खुर्ची आणि लांब वायर

यंत्र पुन्हा अर्ध्या वाक्यात गप्प झालं.

पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून मजकूर मोठ्याने वाचणारं हे यंत्र भाच्याने खास आत्यासाठी जुळवलं होतं. पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा कॉम्प्युटर, वर कॅमेरा, बाजूला स्पीकर. आत्याचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला आणि आता डोळेच गेले होते. उद्या वाचनालयाचा माणूस तिची पुस्तकं न्यायला येणार होता. "हे चाललं नाही, तर कपाटं रिकामी करते," ती म्हणाली होती. "मुकी पुस्तकं घरात ठेवून काय करू?"

भाचा कवळ्या बनवणारा. लोकांच्या तोंडात दात बसवायचा, पण या यंत्राचं तोंड काही त्याला कळेना. त्याच्या घरी टेबलावर हेच बेटं पानंच्या पानं वाचायचं. इथे मात्र दोन ओळी झाल्या की मूग गिळून बसायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्याने प्रोग्रॅम नव्याने भरला, मेमरी कार्ड बदललं, कॅमेरा बदलला. चार्जर तर त्याच्या घरी चालणारा तोच होता. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"तूही लहानपणी असाच होतास," आत्या म्हणाली. "कविता म्हणायला उभा राहायचास आणि दुसऱ्या ओळीला अडायचास."

"आत्या, टोमणे नंतर मार."

शेवटी हात टेकून त्याने घरून स्क्रीन आणला. डोळ्यांनी दिसत नसलेल्या बाईच्या यंत्राला स्क्रीन कशाला, म्हणून इथे तो कधी जोडलाच नव्हता. यंत्र वाचू लागलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं छोटं पिवळं चिन्ह लुकलुकलं. वीज कमी पडत होती. इतके दिवस ते बिचारं सांगत होतं आणि बघायला कुणी नव्हतं.

पण चार्जर तोच, मग कमी का पडावी? तो गोंधळून वायरीकडे बघत बसला. प्लग दाराजवळ, आत्याची खुर्ची खिडकीशी. तिच्या पायात येऊ नये म्हणून त्याने लांबलचक, बारीक वायर चौकटीवरून फिरवून आणली होती. एवढ्या वाटेत वीज निम्मीशिम्मी जिरत होती. स्पीकर जोरात बोलू लागला की कॉम्प्युटर उपाशी.

"मग आखूड वायर लाव," आत्या म्हणाली.

"ती खुर्चीपर्यंत पोचत नाही."

"मग खुर्ची हलव."

"तुझी खुर्ची? तिला कुणी हात लावलेला तुला खपायचा नाही."

"अरे, ती उजेडासाठी होती तिथे. आता मला उजेड काय करायचाय?"

तिला विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याने खुर्ची दाराजवळ ओढली, घरून आणलेली आखूड, जाड वायर लावली. यंत्राने अख्खं पान वाचलं. आत्या मान कलती करून ऐकत होती.

"वाचनालयवाल्याला येऊ नको म्हणून कळव," ती म्हणाली. "आणि हे पान पुन्हा लाव. तिसऱ्या ओळीत कुणीतरी स्वल्पविराम खाल्लाय."