वरचा पाचवा हिस्सा

मी दशमांशाचा डबा बोलतोय. जन्मानं मी बिस्किटांचा. एका घड्याळजीनं मला घासूनपुसून झाकणाला चीर पाडली आणि मी एकदम देवाच्या कामाला लागलो. बढतीच म्हणायची!

दुकानातून आला की तो आधी माझ्यापाशी यायचा. शंभरातले दहा माझ्यात, मग भाडं, मग भाजी. बायको कुरकुरली की म्हणायचा, "पहिलं देवाचं." चर्चला निघताना इतर लोक पाकीट नेत, हा मला काखेत मारून न्यायचा. चार लोकांना दिसलं पाहिजे ना! मलाही ते मिरवणं आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेची फी भरायच्या शेवटच्या दिवशी घरात दमडी नव्हती. आईनं माझं झाकण उघडलं आणि फी भरून आली.

संध्याकाळी घड्याळजीनं मला हलवून पाहिलं आणि ओळखलं.

"अहो, शिलाईचे पैसे आले की परत ठेवणारच होते."

"ठेवशीलच. वर पाचवा हिस्सा. दशमांश सोडवून घेतला तर पंचमांश जास्त भरायचा, शास्त्रात आहे. रविवारी डबा भरलेला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः कॉलेजात जाऊन फी परत घेऊन आला. "कारकून म्हणाला, नाव कापावं लागेल. म्हटलं, कापा," असं जेवताना सांगितलंन. पाचव्या हिश्शासाठी मुलीच्या मनगटावरचं घड्याळ काढून विकलं. त्या विक्रीचाही दशमांश आधी बाजूला काढला. असा काटेकोर माणूस!

"बाबा, मी नाडी कशावर मोजू?"

"आता कुणाची मोजणार आहेस?"

मला चीड आली. पत्र्याच्या चिडीला कोण विचारतो?

रविवारी वेदीपुढे मला रिकामं केलं. पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्या दशमांशातून यंदा तीन मुलींची परीक्षेची फी भरली. आणखी कुणाची राहिली असेल तर आत्ताच सांगा. दंडासह उद्यापर्यंत घेतात."

आई उठू लागली. घड्याळजीनं तिचं मनगट घट्ट धरून तिला खाली बसवलं.

"आपण देणारे आहोत," तो कुजबुजला, "घेणारे नाही."

आणि सगळ्यांत आधी त्यानंच टाळ्या वाजवल्या.

मुलगी आता रुग्णालयात फरशी पुसते. पगार झाला की कुणी न सांगता माझ्यात दहावा हिस्सा टाकते, आणि वडिलांशी बोलत नाही. कुणीतरी मला भंगारात घाला, बाबांनो. फक्त त्या भंगाराच्या पैशाचा दशमांश काढू नका.