आणखी एक वळसा

माघातली दुपार. निळी, निःशब्द, निश्चल. प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीतून कलते, केशरी ऊन टेबलावर उतरले होते आणि तिथल्या काळ्याकुळकुळीत दगडापाशी येऊन थबकले होते. विंध्याच्या कुशीतून आणलेला तो दगड. दीडशे कोटी वर्षे त्याच्या पोटात उजेड शिरला नव्हता, आणि त्याला त्याची काही खंत दिसत नव्हती.

शर्वाणीने त्याची चकती कापून काचपट्टीवर चिकटवली होती आणि आता ती उगाळत होती. काचेवर कुरुंदाची पूड, पुडीवर पाणी, पाण्यावर तिची बोटे. सहाणेवर चंदन उगाळावे तशी. गोल, संथ, गोल. काळ्याचे करडे झाले, करड्याचे मधाळ झाले. केसाहून पातळ झालेल्या दगडातून उजेड आरपार गेला.

सूक्ष्मदर्शकात तिने पाहिले, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या मधुवर्ण अंधारात दगड होऊन राहिलेली एक पेशी होती. एकीच्या दोन होता होता थांबलेली, कमरेत आवळलेली, ना एक, ना दोन. सारे युग तिने त्या एकाच क्षणात काढले होते. तिच्या पोटात एक ठिपका होता, अंधुक. तो केंद्रक ठरला तर इतक्या जुन्या काळीही केंद्रक असलेले जीव होते याचा पुरावा, चार वर्षांची पायपीट सार्थ. नाही तर लोक म्हणणार, बुडबुडा आहे. अशी पेशी दुसऱ्या कुठल्याच चकतीत नव्हती.

“बस्स,” तिच्या मार्गदर्शक दाभाडे मॅडम मागून म्हणाल्या. दगड उगाळून उगाळून त्यांच्या बोटांचे ठसे पुसले गेले होते. “आता घासू नकोस. आहे तसा फोटो घे.”

“धूसर फोटोवर कोण विश्वास ठेवणार, मॅडम? एकदाच. अगदी हलक्या हाताने.”

“बघ बाई. मी असते तर हात आवरला असता.”

तिला आवरला नाही. तो ठिपका आपल्याला बोलावतो आहे, असे तिला खरोखर वाटले; त्याची भीती वाटली आणि ओढही. एक वळसा. ठिपका उजळला, जवळ आला. आणखी एक वळसा.

सूक्ष्मदर्शकातले वर्तुळ रिकामे होते.

नुसता प्रकाश. शुभ्र, स्वच्छ, निर्दय प्रकाश. त्यात तिच्याच पापण्यांच्या सावल्या हलत होत्या. मॅडमनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. “कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं वाटतंय गं,” त्या हळूच म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागले.

शर्वाणी हात धुवायला नळापाशी गेली. बोटांवर करडा चिखल होता. पाणी, कुरुंद, दगड, आणि त्यातच कुठेतरी ती. समुद्र आटले, पर्वत उठले, तरी जिला कुणी हात लावला नव्हता, ती. नळ सोडायचे तिला धैर्य होईना. ऊन विझत गेले, खोली निळी होत गेली. तळहात उताणे धरून ती उभी राहिली, आणि बोटांवरचा चिखल वाळत गेला, पांढरा पडत गेला.